मोहोराच्या आधीचं रक्त

रिपोर्टवर सगळं नॉर्मल होतं. डॉक्टर मात्र माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून म्हणाले, "हे नॉर्मल नाही." बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आंब्यावर फवारणीचे दिवस होते, आणि दुपारपासून डोकं भणभणत होतं, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, पोटात कळा येत होत्या आणि समोरचं माणूस धूसर दिसत होतं. घरात त्याला 'ऊन लागलं' म्हणून कोकम सरबत पाजून झालं होतं. सासूबाईंनी मीठमोहऱ्याही उतरून टाकल्या होत्या. ॲट्रोपिनची, म्हणजे विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं दिल्यावर आणि एक रात्र ठेवून घेतल्यावर सकाळी डोळ्यांपुढचं धुकं गेलं.

त्या रिपोर्टमध्ये माझं सिरम कोलिनएस्टरेज, म्हणजे रक्तातलं एक एन्झाइम, ४,९०० होतं. बायकांसाठी छापलेली मर्यादा ४,२६० ते ११,२५०. म्हणजे आकडा मर्यादेत, खाली लाल खूण नाही, ठळक अक्षर नाही. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "फवारणीच्या आधी तुमचा आकडा किती होता?" मला कुठून माहीत असणार? दुखत-खुपत नसताना रक्त तपासायला कोण जातं? "मग हा कागद मला काही सांगत नाही," ते म्हणाले. "एखाद्याचा मूळचा आकडा पाच हजार असतो, एखाद्याचा अकरा हजार. अकरा हजारवाला निम्म्यावर आला तरी लॅब त्याला नॉर्मलच म्हणणार. पुढच्या वर्षी मोहोराच्या आधी या."

आमची बाग रत्नागिरीजवळ, पावसच्या बाजूला, कातळाच्या उतारावर. हापूसची कलमं, बरीचशी सासऱ्यांनी लावलेली. हे नोकरीनिमित्त मुंबईला, त्यामुळे बाग मी आणि चुलत दीर बघतो. भावजी गन घेऊन कलमात शिरतात, मी खाली एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या, पंपापाशी, दोनशे लिटरच्या पिंपावर. औषध मोजायचं, बादलीत कालवायचं, पिंपात ओतायचं, बांबूने ढवळायचं, पाइप अडकला की सोडवायचा. गड्यांचा हिशोब करताना या कामाला कुणी फवारणी म्हणत नाही. 'पिंपावर वहिनी आहेत' एवढंच.

तेव्हाचा फवारणीचा क्रम असा होता: पालवीवर डेल्टामेथ्रीन, बोंगे फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, मग इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, आणि कणी वाटाण्याएवढी झाली की डायमेथोएट. भुरीसाठी गंधक नाहीतर हेक्झाकोनॅझोल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाच्या अंगाने जाणारा प्रत्येक बागायतदार ही नावं पाढ्यासारखी म्हणायचा. तुडतुडा दिसला की मधेच एखादी जास्तीची फवारणीही होते, दुकानदार सांगेल त्या औषधाची. यातलं नेमकं कुठलं औषध रक्तातल्या त्या आकड्याला हात घालतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी यादी वाचून एकाच नावाखाली रेघ मारली: डायमेथोएट. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातलं ते एकटंच. बाकीची औषधं निरुपद्रवी आहेत असं नाही, पण त्यांचा मार्ग वेगळा.

हा मार्ग मी त्यांच्याकडून दोनतीनदा समजून घेतला, कारण पहिल्यांदा ऐकताना नुसती मान डोलावली होती. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन लगेच तोडावं लागतं, नाहीतर निरोप वाजतच राहतो: लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या आवळतात, स्नायू फडफडतात, आणि विष जास्त असेल तर श्वास थांबतो. तोडायचं काम करतं ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. कीटक मरतो तोही असाच, माणसाचं यंत्र काही निराळं नाही. मज्जातंतूतलं एन्झाइम काढून मोजता येत नाही, पण तेच एन्झाइम तांबड्या पेशीच्या बाहेरच्या आवरणावर बसलेलं असतं. म्हणून दंडातून काढलेलं रक्त मेंदूची आणि स्नायूंची बातमी देऊ शकतं.

सिरममधलं कोलिनएस्टरेज हे त्याचं भावंड. ते यकृत बनवतं आणि विषबाधेनंतर काही आठवड्यांत भरून काढतं. तांबड्या पेशीला ही सोय नाही. हाडांच्या मगजातून बाहेर पडतानाच ती आपला गाभा टाकून देते, त्यामुळे नवीन एन्झाइम तिला बनवता येत नाही. मुंबईहून गावाला निघालेल्या चाकरमान्याने घरून भरून घेतलेल्या डब्यासारखं असतं ते, वाटेत चूल नाही. डायमेथोएटने जखडलेलं एन्झाइम सुरुवातीचे काही तास सुटण्यासारखं असतं, नंतर तो जोड कायमचा होतो. मग ती पेशी आपलं साधारण १२० दिवसांचं आयुष्य त्याच स्थितीत काढते. रोज शेकडा एकाच्या आसपास जुन्या पेशी जातात, तेवढ्याच नव्या येतात, आणि आकडा त्या गतीने वर सरकतो. डोकं दुखायचं थांबलं, जेवण जाऊ लागलं, म्हणजे विष उतरलं असं आम्ही समजतो. पेशींच्या हिशोबात ते तीनचार महिने चालू असतं, आणि तेवढ्यात पुढची फवारणी आलेली असते.

त्या वर्षी दिवाळी आटपल्यावर, पंप बाहेर काढायच्या आधी, मी आणि भावजी रत्नागिरीला रक्त द्यायला गेलो. भावजींना यायचं नव्हतं. "मला काय झालंय? त्रास तुम्हाला झाला वहिनी," असं पावसपासून भाट्याच्या पुलापर्यंत चाललं होतं. लॅबमधल्या मुलीने दोन चाचण्या वेगळ्या असल्याचं सांगितलं. सिरमची तिथेच होते. तांबड्या पेशींवरच्या एन्झाइमची तिथे होत नाही. त्यासाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचं, बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या डब्यात ठेवायचं, गोठू द्यायचं नाही आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला पाठवायचं. ती महागही होती. डॉक्टरांनी दोन्ही सांगितल्या होत्या, आणि पुढच्या वेळचं रक्तही याच लॅबमधून याच पद्धतीने तपासायचं असं बजावलं होतं. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

त्याआधी त्यांनी मला बरंच विचारून घेतलं. पावसाळ्यात लेप्टो किंवा कावीळ झाली होती का? दिवस गेलेत का? पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत का? घरात कुणाला ऑपरेशनच्या वेळी भूल उतरायला फार वेळ लागला होता का? यातल्या कशानेही, किंवा काहींच्या बाबतीत जन्मतःच, सिरमचा आकडा कमी असू शकतो, औषधाचा काही संबंध नसताना. हिमोग्लोबिनही पाहिलं. माझं १०.२ निघालं. आमच्याकडच्या बायकांमध्ये यात नवल ते काय. पण तांबड्या पेशीच कमी असतील तर त्यांच्यावरचं एन्झाइमही कमी भरणार, म्हणून तो आकडा हिमोग्लोबिनच्या प्रमाणात काढतात. लोहाच्या गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या.

माझं सिरम आलं ९,८००. म्हणजे मागच्या हंगामातलं ते ४,९००, ते नॉर्मल, बरोबर निम्मं होतं. भावजींचं आलं ७,४००. त्यांना वाटलं आपणच जास्त खराब. ही मूळची ठेवण आहे, उंचीसारखी, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

याच सुमारास मला एक गोष्ट कळली, ती इथे लिहून ठेवते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. बाटलीवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण त्याच नियमांतले, ते निदान सगळ्यांना दिसतात. त्याच नियमांत असंही आहे की फवारणीच्या कामावरच्या माणसाची कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट औषधांशी काम असेल तर रक्तातलं कोलिनएस्टरेज दरमहा मोजावं. दरमहा! आमच्या अख्ख्या वाडीत हे कधी कुणाचं मोजलं गेलं नव्हतं. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा आम्ही टीव्हीवर बघून हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी पंपाला तेलपाणी केलं. तिकडे कपाशी माणसाच्या छातीएवढी वाढते, आमचं कलम डोक्याच्या वर असतं. फवारा अंगावरच खाली येतो.

हंगाम नेहमीसारखा गेला. थंडी उशिरा, मग मोहोर भसकन. वारा सुटायच्या आत आटपायचं म्हणून उजाडताना पंप सुरू करायचा. अकराच्या पुढे समुद्रावरून वारं आलं की औषध झाडाला कमी आणि माणसाला जास्त. डायमेथोएटच्या फवारणीनंतर थोड्याच दिवसांनी, पुन्हा त्याच लॅबमध्ये, दोघांचं रक्त दिलं. या खेपेला मला काहीही झालं नव्हतं. डोकं नाही, पोट नाही, भूक चांगली. भावजींना एकदा संध्याकाळी जरा मळमळलं होतं. त्यामुळे खराब कुणाचं निघणार यावर घरात कुणाला शंका नव्हती.

भावजींचं सिरम मूळच्या ८८ टक्क्यांवर होतं, तांबड्या पेशींचं ८६ वर. माझं सिरम ५,९००, म्हणजे ६० टक्के. तांबड्या पेशींचं ६८.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. आकडा झपकन पडला तर लक्षणं दिसतात, थोडा थोडा करत पडला तर शरीर जुळवून घेतं आणि काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी जरा जास्त अंगावर उडालं की माणूस आडवा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शेतमजुरांसाठी १९७० च्या दशकापासून नियम आहे: तांबड्या पेशींचा आकडा स्वतःच्या मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा सिरमचा ६० टक्क्यांवर आला की माणसाला त्या औषधांपासून दूर करायचं, आणि दोन्ही ८० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय परत घ्यायचं नाही. त्या हिशोबाने मी कामावरून काढलेली बाई होते.

मग बसून मी पिंपावर काय काय करते त्याची उजळणी केली, आणि कारण समोरच होतं. बाटलीतलं डायमेथोएट ३० टक्के. दहा लिटरला दहा मिलि म्हणजे हजारपट पातळ. कलमावर जातं ते ०.०३ टक्के. भावजी अंगावर घेतात ते पातळ केलेलं. मी हाताळते ते बाटलीतलं. झाकणाने मोजताना मनगटावर ओघळलेला एक थेंब म्हणजे कालवलेल्या औषधाचे हजार थेंब. वर ढवळताना उडतं, पाइपच्या सांध्यातून गळतं, आणि संध्याकाळी भावजींचे फवारणीचे कपडेही मीच धुते. हे सगळं कातडीतून आत जातं. वास येतो म्हणून आपण नाकाला फडकं बांधतो आणि सगळी काळजी घेतली असं मानतो. हात कोपरापर्यंत उघडे असतात, त्यांना वास येत नाही. सुती हातमोजे तर नसलेले बरे. एकदा भिजले की तेच औषध दिवसभर हाताला धरून ठेवतात. फवारून आल्यावर गूळ खायचा, दूध प्यायचं, हे आमच्याकडे सगळे करतात. पोटात गोड गेल्याचं समाधान मिळतं, एन्झाइम काही सुटत नाही.

माझ्या रक्ताची आणखी तपासणी झाली. औषधांनी तांबडी पेशी आणखी एका वाटेने मरूही शकते. तिच्यात सतत प्राणवायू खेळत असतो, त्यामुळे आवरण गंजण्याचा धोका मुळातच असतो, आणि ग्लुटाथायोनसारखी रसायनं ते थोपवून धरतात. कीटकनाशकांमुळे हा साठा खर्ची पडला की आवरणातले स्निग्ध घटक बिघडतात, पेशी कडक होते आणि वेळेआधी फुटते. म्हणून काचेवर रक्ताचा थर पाहिला, नव्या पेशींचं प्रमाण आणि बिलिरुबिन पाहिलं. माझ्या पेशी फुटत नव्हत्या. डायमेथोएटच्या एवढ्याशा मात्रेत तसं सहसा होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोरचूद पोटात गेलं तर मात्र पेशी अक्षरशः फुटतात, लघवी काळपट होते. हे ऐकून मला माहेर आठवलं. आमच्या सुपारीच्या बागेत कोळे रोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मारतात, शंभर लिटरला किलो मोरचूद, किलो चुना, आणि नोझल तुंबलं की गडी सरळ तोंडाला लावून फुंकतो. माहेरी फोन करून तेवढं बंद करायला लावलं. आता तिथे सायकलची जुनी तार ठेवलेली असते.

त्याच महिन्यात जवळच्या एका बागेतला गडी दवाखान्यात आणला होता. ओठ निळे, नखं निळी, बोटाला लावलेलं यंत्र ८५ दाखवत होतं, आणि प्राणवायू लावूनही हलत नव्हतं. मोहोर जास्त यावा म्हणून जे टॉनिक दुकानात मिळतं, त्यातल्या काहींत नायट्रोबेन्झीन असतं. ते कातडीतून आत जातं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा थेंब टिपकागदावर टाकून दाखवला. आपल्या रक्ताचा थेंब हवेत ठेवला की लालभडक होतो. हा चॉकलेटी होता तो चॉकलेटीच राहिला. मेथिलीन ब्लूच्या इंजेक्शनाने तो सुधारला. ते देण्याआधी जी-६-पीडी नावाचं एन्झाइम त्याच्यात कमी नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी लागते, कारण ते कमी असेल तर हाच उतारा तांबड्या पेशी फोडतो. गड्याचा मालक बाहेर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "अहो, ते काय विष नाही, टॉनिक आहे." बाटलीवर त्रिकोणच नव्हता.

मी पिंप सोडलं. म्हणजे सोडावं लागलं, आणि त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. फवारण्या अजून शिल्लक होत्या, त्या हंगामात माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. शेवटी भावजींनी उरलेल्या फवारण्यांतून डायमेथोएट काढूनच टाकलं. तुडतुडा फार नव्हता, निभावलं. शिमग्यात पालखी घरी येऊन गेली, त्यानंतर घेतलेल्या रक्तात माझं सिरम ९,००० च्या वर गेलं होतं. तांबड्या पेशींचं मात्र अजून ऐंशीच्या खालीच रेंगाळत होतं. आंबा उतरवून झाला, पेट्या गेल्या, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, गडबडीत लाकडं आत भरून झाली, तेव्हा कुठे ते नव्वदीत आलं.

आता पिंपावर रबरी हातमोजे कोपरापर्यंत, पुढे प्लास्टिकचं एप्रन, मोजायला दांडीचं माप, आणि शेजारी साबण-पाण्याची वेगळी बादली. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत जात नाहीत आणि ते ज्याचे त्याने धुवायचे. यातल्या शेवटच्या कलमाला घरात सर्वांत जास्त विरोध झाला.

राहिला आमचा नेपाळी गडी. तो त्या वर्षी अर्ध्या हंगामात आमच्याकडे आला, आधी दुसऱ्या बागेत फवारणीच करत होता. आमच्याबरोबर त्याचंही सिरम तपासलं होतं. ५,५०० आलं. पुरुषांची मर्यादा ५,३२० पासून सुरू होते, म्हणजे काठावर, पण नॉर्मल. त्याला मूळचा आकडा नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, त्याला फवारणीऐवजी गवत कापायला लावा म्हणाले. तो हसला होता. "भाभी, मला काही होत नाही," म्हणाला. मे अखेरीस गावी गेला.

यंदा दिवाळीनंतर परत आला तेव्हा पंप काढायच्या आधी त्याला घेऊन लॅबमध्ये गेले. चार महिने त्याने डोंगरात गुरं राखली होती, औषधाचा वासही नाही. आकडा आला ९,४००. मी कागदाच्या मागेच हिशोब केला: मागच्या वर्षीचं ते नॉर्मल साडेअठ्ठावन्न टक्के होतं. त्याला दाखवलं. त्याने आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला, आणि विचारलं की त्याच्या भावाचंही तपासता येईल का, तो देवगडला एका बागेत पिंपावर असतो.